हजार दारं, दोन फोन

समजा, डोंबिवलीतल्या एका विमा प्रतिनिधीनं शनिवार-रविवार गाठून हजार घरांत पत्रकं वाटली. कुठं जिन्याखालच्या लेटरबॉक्समध्ये टाकलं, कुठं सेफ्टी डोअरच्या जाळीत खोचलं, कुठं दाराखालून आत सरकवलं. पत्रकावर घराचं कर्ज, मुलांचं शिक्षण, उतारवय अशा दोन-तीन काळज्या आणि खाली नाव व मोबाइल नंबर. यातली बहुतेक पत्रकं संध्याकाळपर्यंत रद्दीत जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही पुढच्या महिन्यात तो आणखी हजार छापून घेणार. कशाच्या भरवशावर?

ज्या नियमाच्या भरवशावर विमा कंपनी एखाद्या तरुणाला पन्नास लाखांचं वचन देते, अगदी त्याच नियमाच्या! कोणत्या दारामागून फोन येईल हे कुणीच सांगू शकत नाही. पण पुष्कळ दारं घेतली, तर एकूण किती फोन येतील याचा अंदाज बांधता येतो. यंदा कोणता माणूस जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. पण पुष्कळ माणसं घेतली, तर किती जातील हे सांगता येतं. विम्याचं गिऱ्हाईक शोधणं आणि विम्याचा भार पेलणं, दोन्ही कामं एकाच पायावर उभी आहेत. हा पाया किती भक्कम आहे आणि तो सापडला कसा, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

आधी हातातला कागद तर बघा. असं पत्रक बहुधा ए-फाइव्ह आकाराचं असतं. या कुळातला ए-झीरो कागद म्हणजे एक चौरस मीटर. तो मधोमध कापला की ए-वन, तो कापला की ए-टू. असा पाच वेळा कापला की ए-फाइव्ह, म्हणजे चौरस मीटरचा बत्तिसावा भाग. गंमत अशी, की कितीही वेळा कापा, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. कारण ते दोनाच्या वर्गमुळाइतकं ठेवलेलं आहे आणि ही करामत दुसऱ्या कोणत्याही प्रमाणाला साधत नाही. लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन विद्वानानं १७८६ साली एका पत्रात हे लिहून ठेवलं होतं. जर्मनीनं त्यावरून कागदाचं मानक केलं ते १९२२ साली. प्रेसवाला ‘नव्वद जीएसएम’ म्हणतो तेव्हा चौरस मीटरला ९० ग्रॅम. बत्तिसानं भागा. एक पत्रक २.८ ग्रॅमचं. हजार घरांपर्यंत पोचवायचा निरोप तीन किलोंच्या आत मावतो, एका पिशवीत!

आता फोनकडे वळू. हिशेबापुरतं धरून चालू, की या भागात हजार पत्रकांमागे सरासरी दोन फोन येतात. मग दर हजाराला दोनच येतील का? मुळीच नाही. गणित सांगतं, की अशी शंभर वाटपं केली तर त्यांतल्या तेरा-चौदा वाटपांनंतर एकही फोन येणार नाही. आणि पाचेक वाटपं अशी निघतील, की पाच किंवा त्याहून जास्त फोन येतील. प्रतिनिधी तोच, पत्रक तेच, वस्ती तीच. तरीही एका महिन्यात शुकशुकाट आणि दुसऱ्या महिन्यात फोनवर फोन. पहिल्या महिन्यात तो म्हणेल, ‘पत्रकं वाटणं फुकट आहे.’ दुसऱ्या महिन्यात म्हणेल, ‘या मजकुरात जादू आहे.’ दोन्ही निष्कर्ष चुकीचे! दोन्ही वेळी फक्त योगायोग बोलत होता.

पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरशांवर पडतात तेव्हा बघा. प्रत्येक फरशीच्या वाट्याला सारखे थेंब येतात का? एखादीवर तीन, शेजारची कोरडी ठाक, पलीकडचीवर एक. ढगाचं कोणत्याही फरशीशी वैर नसतं. थेंब एकमेकांना न विचारता पडतात, एवढंच. आणि जे जे एकमेकांना न विचारता, क्वचित, पण पुष्कळ ठिकाणी घडू शकतं, ते असंच विखुरतं. या विखुरण्याचं सूत्र सिमेओं पुआसाँ या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ साली मांडलं.

त्या सूत्राची सगळ्यात विलक्षण परीक्षा १८९८ साली झाली. लाडिस्लाउस बोर्टकिएविच या अभ्यासकानं प्रशियाच्या घोडदळाची दप्तरं उघडली आणि एक विचित्र गोष्ट मोजली. घोड्याच्या लाथेनं किती सैनिक मेले? दहा पलटणी, वीस वर्षं, म्हणजे एका पलटणीचं एक वर्ष असे २०० तुकडे. त्यांतल्या १०९ तुकड्यांत एकही मृत्यू नाही. ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीनमध्ये तीन, एकात चार. आता सूत्राला फक्त सरासरी सांगा, बाकी काही नको. ते म्हणतं: १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६. घोडा कधी बिथरेल हे घोड्यालाही ठाऊक नसतं. आणि तरी वीस वर्षांच्या लाथा सूत्रात चपखल बसतात! डोंबिवलीतल्या फोनचा आणि प्रशियातल्या घोड्यांचा स्वभाव एकच निघावा, याहून मोठं आश्चर्य कोणतं?

पण विमा कंपनीला शुकशुकाटाचा महिना परवडत नाही आणि दाव्यांचा पूर तर नाहीच. तिला भरवसा हवा. तो कुठून येतो? संख्येतून. हजार पत्रकांना सरासरी दोन फोन, पण प्रत्यक्षात शून्य ते पाच काहीही. दहा हजार पत्रकांना सरासरी वीस. आणि शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक वेळा आकडा ११ ते २९ च्या दरम्यान राहील. एक लाख पत्रकांना सरासरी दोनशे. आता तो बहुतेक वेळा १७२ ते २२८ मध्येच सापडेल. पत्रकं शंभरपट झाली, पण आकड्याचा डगमगाट दहापटच वाढला. म्हणजे फोनांच्या मानानं पाहिलं, तर तो दहा पटींनी कमी झाला. संख्या लहान असते तोवर नशिबाची सत्ता. ती वाढत जाते तशी नियमाची सत्ता सुरू होते.

बाझल शहरातल्या याकोब बर्नुलीनं हे सिद्ध करण्यासाठी वीस वर्षं विचार केला. त्याचा ग्रंथ १७१३ साली छापून आला, तेव्हा त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. एकेका माणसाचं भविष्य अंधारात असतानाही समूहाचं भविष्य उजेडात असू शकतं, याचा तो पहिला पक्का पुरावा. साऱ्या विमाव्यवसायाचा जीव या एका सिद्धतेत आहे.

आणि ती कुठं मोडते हेही बघण्यासारखं आहे. तिची अट एकच: घटनांनी एकमेकींना विचारता कामा नये. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी पत्रकाचा फोटो टाकून ‘माणूस चांगला आहे’ असं लिहिलं, की एका इमारतीतून सहा फोन एकदम. अंदाज कोलमडला, अर्थात प्रतिनिधीच्या फायद्याच्या बाजूनं. पण दाव्यांच्या बाबतीत हेच घडलं तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. गाड्या, दुकानं, तळमजल्यावरची घरं एकाच रात्री पाण्यात. इथं एका गाडीचं बुडणं आणि दुसरीचं बुडणं या दोन वेगळ्या घटना नव्हत्याच. पाऊस एकच होता. अशा दिवसासाठी विमा कंपन्या स्वतःचाही विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. जोखीम मुंबईची असली तरी तिचे वाटेकरी जगभर विखुरलेले असतात, कारण मुंबई बुडते त्याच रात्री म्युनिक आणि झ्युरिकही बुडेल, ही शक्यता नगण्य.

पण थांबा. फोन मोजता येतात, लाथा मोजता येतात. माणूस किती वयात मरतो हे पहिल्यांदा मोजलं कुणी? इथं गोष्टीला एक अफलातून वळण मिळतं, कारण या प्रश्नाचं उत्तर घरोघर वाटल्या जाणाऱ्या छापील कागदांतूनच निघालं!

सतराव्या शतकातलं लंडन. प्लेगची दहशत. कुणी मेलं की नेमलेल्या वृद्ध स्त्रिया त्या घरी जात, प्रेत पाहत, मरणाचं कारण विचारून घेत आणि नोंदवत. बुधवारी साऱ्या शहराचा हिशेब जुळवायचा, गुरुवारी तो छापील कागद वाटायचा. वर्षाला चार शिलिंग भरणाऱ्या कुटुंबांना तो घरपोच मिळे. लोक तो वाचत आणि फेकून देत. श्रीमंतांना त्यातून एकच गोष्ट हवी असे: प्लेग वाढतोय का? म्हणजे शहर सोडायचं का?

जॉन ग्राँट नावाचा एक दुकानदार मात्र हे कागद साठवून ठेवू लागला. फिती, बटणं, सुया-दोरे विकणारा माणूस. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. पण जमाखर्चाची सवय असलेल्या या माणसानं मरणाचाही ताळेबंद मांडला. १६६२ साली त्याचं छोटं पुस्तक आलं. शंभर जिवांपैकी छत्तीस सहाव्या वर्षाआधीच जातात, असा अंदाज त्यात होता. शहात्तरीपर्यंत पोचतो तो फक्त एक. आज अंगावर काटा आणणारे हे आकडे. पण याआधी पृथ्वीतलावर कुणी असा तक्ता मांडलाच नव्हता. रद्दीत जाणाऱ्या कागदांची चळत समोर घेऊन एका दुकानदारानं मरणाच्या पोटात दडलेली शिस्त बाहेर काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला सन्मानानं आत घेतलं.

ग्राँटला मेलेल्यांची वयं ठाऊक नव्हती. त्यानं अंदाज बांधला होता. वयं सापडली ब्रेस्लाऊ शहरात, आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये. तिथल्या कास्पर नॉइमान या धर्मगुरूनं जन्म-मृत्यूच्या नोंदी काटेकोरपणे जमवल्या होत्या. त्या लंडनला आल्या आणि एका खगोलशास्त्रज्ञाच्या हाती पडल्या. एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण शाळेत शिकलो, तोच! धूमकेतू परत कधी येईल हे सांगण्याआधी हॅलीनं माणसं कधी जातात हे सांगितलं. १६९३ सालच्या त्याच्या तक्त्यात एक वर्षाची हजार मुलं घेतली, तर विसाव्या वर्षी ५९८ उरतात, चाळिसाव्या वर्षी ४४५, साठाव्या वर्षी २४२, ऐंशीव्या वर्षी ४१. मग त्यानं पुढचं पाऊल टाकलं. विशीतला माणूस वर्षभर जगण्याची पैज शंभरास एक. पन्नाशीतल्याची फक्त अडतिसास एक. म्हणजे एका वर्षाच्या विम्यासाठी पन्नाशीतल्यानं विशीतल्याच्या अडीचपटीहून जास्त पैसे मोजायला हवेत. वयाप्रमाणे हप्ता! आज पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेला हप्त्यांचा तक्ता थेट या हिशेबाचा वंशज आहे.

हे सगळं कागदावर ठीक. खऱ्या आयुष्यात टिकतं का? स्कॉटलंडमधल्या रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन धर्मोपदेशकांना पडलेला प्रश्न साधा होता: आपल्यातला कुणी वारला तर त्याच्या विधवेचं आणि मुलांचं काय? त्यांनी गावोगावच्या चर्चना पत्रं पाठवून माहिती मागवली, गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिनची मदत घेतली आणि १७४४ साली निधी उभा केला. येत्या वर्षांत निधीत किती रक्कम असेल याचे आकडे आधीच मांडून ठेवले. १७६५ साठीचा अंदाज होता ५८,३४८ पौंड. त्या वर्षी प्रत्यक्षात निघाले ५८,३४७. वीस वर्षांचे मृत्यू, विधवा, अनाथ मुलं, व्याज आणि चूक किती? एक पौंड!

आता विमा शक्य झाला. पण तो अजून पगारदार, जमीनदार, पुरोहित यांच्यापुरताच होता. गिरणीतल्या मजुराचं काय? त्याचा पगार आठवड्याचा. वर्षाचा हप्ता एकदम भरणार कुठून? १८४८ साली निघालेल्या लंडनच्या प्रुडेन्शियल कंपनीनं १८५४ मध्ये यावर तोडगा काढला. हप्ता आठवड्याला एक पेनीपासून पुढे, आणि तो न्यायला माणूस दारात येणार. एक पेनी म्हणजे पौंडाचा २४० वा भाग. एवढ्याशा रकमेसाठी दर आठवड्याला माणूस धाडणं वेडेपणाचं वाटतं. पण एका गल्लीत साठ घरं असतील, तर एकाच फेरीत साठ पेन्या! गल्लीमागून गल्ली जोडत प्रुडेन्शियल जगातल्या बलाढ्य कंपन्यांत जाऊन बसली. विमा दारापर्यंत चालत आला, तो असा.

आपल्याकडे विमा आला तो गोऱ्यांसाठी. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ सुरू झाली. पण त्या काळात हिंदी माणसाचा विमा उतरवलाच, तर हप्ता चढा लावला जाई. १८७० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनं हिंदी माणसाला गोऱ्यांच्याच दरानं विमा द्यायला सुरुवात केली. विचार करा, केवढी मोठी गोष्ट होती ही! पुढे गावोगावी स्वदेशी विमा कंपन्या उभ्या राहिल्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया काढली. आणि १९ जानेवारी १९५६ च्या रात्री रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली. बोलत होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगड जिल्ह्याचे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आलं. मग बॅग घेतलेला, ओळखीतला, सणासुदीला कॅलेंडर आणून देणारा प्रतिनिधी मराठी घरांच्या ओळखीचा झाला.

पण एक प्रश्न अजून बाकी आहे आणि तोच सगळ्यात चक्रावून टाकणारा आहे. इतकी गुणी वस्तू असताना ती विकायला दारोदार का जावं लागतं? दुकान थाटून बसावं, ज्याला गरज असेल तो येईल, असं का होत नाही?

असं केलं तर विमा कंपनी बुडेल! कारण स्वतःहून धावत कोण येईल? ज्याच्या छातीत परवा कळ आली तो. ज्याच्या घरात दोघं एकाच आजारानं गेले तो. माठ विकणाऱ्याला सगळ्यात उत्सुक गिऱ्हाईक सगळ्यात प्यारं असतं. विमावाल्याला मात्र त्याच्याविषयी थोडं थांबून विचार करावा लागतो. धावत येणाऱ्यांमुळे दावे वाढतात, त्यामुळे हप्ता वाढतो, हप्ता वाढला की धडधाकट माणसं बाहेर पडतात, मग उरतात ती आणखी आजारी, मग हप्ता आणखी वाढतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मधल्या एका निबंधात हे दुष्टचक्र दाखवून दिलं. पासष्टीपुढच्यांना आरोग्यविमा मिळणं इतकं अवघड का, हे त्यानं त्यातूनच समजावलं. २००१ साली त्याला नोबेल मिळालं.

म्हणजे विम्याला हवा असतो तो माणूस कोण? ज्याला आज काहीही झालेलं नाही, ज्याच्या मनात मरणाचा विचार नाही, जो कधीही आपणहून येणार नाही, तो! तो त्याच्या घरीच सापडतो. त्याच्यापर्यंत कुणीतरी जायला हवं. हजार दारांपैकी आजाऱ्यांची दारं वेगळी न काढता, घरात जो असेल त्याच्या हाती पडणारं पत्रक हे काम किती साधेपणानं करतं! पत्रक कुणालाही निवडत नाही, आणि ही न निवडण्याची वृत्तीच त्याची मोठी ताकद आहे. अर्थात फोन करायचा की नाही हे शेवटी घरातलाच माणूस ठरवतो, म्हणून थोडी निवड होतेच. तिच्यासाठी पुढे प्रपोजल फॉर्म असतो, वैद्यकीय तपासणी असते. आणि कायदा विमेदारालाही सांभाळतो: तीन वर्षं उलटल्यानंतर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कंपनीला शंका घेता येत नाही.

मग एकदा पत्रक टाकल्यावर त्याच दारात पुन्हा का जायचं? कारण गरजेला तारीख असते. लग्न ठरलं, बाळ झालं, गृहकर्जाचा पहिला हप्ता गेला, ऑफिसातला समवयस्क सहकारी अचानक गेला: अशा दिवसांत तोच मजकूर वेगळा वाचला जातो. समजा, एखाद्या घरात असा महिना असण्याची शक्यता शंभरात एक आहे. एका फेरीत तुम्ही शंभरातल्या एका घराला योग्य वेळी भेटता. बारा महिने बारा फेऱ्या केल्या, तर शंभरातल्या अकरा घरांना! पत्रकानं कुणाचं मन वळवलं असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा त्यानं एवढंच केलेलं असतं, की ठरावीक दिवशी ते तिथं होतं.

आणि कोणतं पत्रक चांगलं हे कसं कळणार? निळं की पिवळं? कर्जाची काळजी आधी की मुलांची? यासाठी पूर्वी कूपनवर गुप्त खूण छापत. कूपन परत आलं की कोणत्या जाहिरातीनं काम केलं ते कळे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकारानं १९२३ सालच्या आपल्या पुस्तकात या मोजणीलाच जाहिरातीचं शास्त्र म्हटलं. आज ते काम क्यूआर कोड करतो. प्रत्येक सोसायटीसाठी वेगळा कोड छापला, की फोन कुठून आला हे तत्काळ समजतं. या कोडच्या तीन कोपऱ्यांतले चौकोनी डोळे बघितलेत? जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली हा कोड काढला. कॅमेऱ्याला डोळे चटकन ओळखता यावेत म्हणून त्यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं असं प्रमाण हवं होतं, जे छापील मजकुरात एरवी क्वचितच येतं. त्यासाठी त्यांनी मासिकं, खोकी आणि घरोघर येणारी पत्रकंच तपासली! उत्तर आलं, एकास एकास तीनास एकास एक. जगातल्या पत्रकांचा अभ्यास करून जन्मलेली खूण आज पुन्हा पत्रकावर येऊन बसली आहे. तिचा तीस टक्क्यांपर्यंत भाग चुरगळला, भिजला, तरी ती वाचता येईल अशीही सोय करता येते.

मोजणी सोपी झाली, पण निवाडा मात्र अजून अवघड आहे. निळ्या पत्रकाला हजारी दोन फोन आणि पिवळ्याला तीन, एवढा खरा फरक असेल, तर तो खात्रीनं पकडायला प्रत्येक रंगाची किती पत्रकं वाटावी लागतील? शंभर? हजार? सुमारे चाळीस हजार! एकेकट्या प्रतिनिधीच्या आवाक्याबाहेरचा आकडा. म्हणून अनुभव एकत्र करावा लागतो, दहा जणांच्या वह्या जोडाव्या लागतात. आणि कोणत्या इमारतीत कोणता रंग जाईल हे नाणं उडवून ठरवावं लागतं, नाहीतर पिवळी पत्रकं नेमकी नवीन लग्न झालेल्यांच्या वस्तीत जायची. नाणं उडवण्याचा हा दंडक रोनाल्ड फिशरनं इंग्लंडमध्ये, शेतातल्या खतांच्या प्रयोगांसाठी घालून दिला.

पत्रकावर काय छापायचं हेही मनाला येईल तसं ठरवता येत नाही. कंपनीचं नाव, तिचा नोंदणी क्रमांक, योजनेचा ओळख क्रमांक असायला हवा, आणि प्रतिनिधीनं काढलेल्या पत्रकाला कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. ‘माझ्या कमिशनातून सूट देतो’ असं म्हणणं १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१व्या कलमानं मना आहे. कारण उघड आहे: सारखी जोखीम असलेल्यांनी सारखाच हप्ता भरायचा, यावरच निधीचा न्याय उभा असतो. पत्रक हाती आलं की हे क्रमांक जरूर शोधा. ते नसतील तर फोन करू नका.

आणि आता या कागदाचा सगळ्यात मोठा पराक्रम. १९०९ साल, न्यूयॉर्क. मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीचे प्रतिनिधी दर आठवड्याला मजुरांच्या चाळीवजा घरांत हप्ते गोळा करायला जात. तिथं क्षयानं माणसं पटापट मरत होती. कंपनीत नव्यानं आलेल्या ली फ्रँकल यांना एक कल्पना सुचली. प्रतिनिधी दारात जातोच आहे, तर त्याच्या हाती क्षयापासून बचाव कसा करायचा हे सांगणारी पुस्तिका का देऊ नये? अनेक भाषांतून लाखो प्रती निघाल्या; स्थलांतरितांच्या घरांत त्यांच्या त्यांच्या भाषेतून पोचल्या. लिलियन वॉल्ड यांच्या सल्ल्यानं आजारी विमेदारांकडे परिचारिकाही जाऊ लागल्या. यात दया होती आणि हिशेबही होता. विमेदार जितका जास्त जगेल, तितका कंपनीचा फायदा. माणसाचं जगणं आणि कंपनीचं भलं एकाच दिशेला, असे धंदे जगात किती असतील?

१९१६ साली याच कंपनीनं मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावी मोठा प्रयोग सुरू केला. घरोघर जाऊन तपासणी, प्रचार, उपचार. सात वर्षांत तिथलं क्षयाचं मृत्युप्रमाण सुमारे दोन-तृतीयांशानं खाली आलं. हॅलीचा तक्ता वाचायचा असतो. इथं तो बदलला गेला!

पुढची गोष्ट तर आणखी विलक्षण. १९४८ साली अमेरिकी सरकारला हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासासाठी एक गाव हवं होतं. निवड झाली फ्रेमिंगहॅमची, आणि त्यामागचं एक कारण होतं क्षयाच्या प्रयोगात तिथल्या लोकांनी दिलेली साथ. ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला पक्का कळला तो मुख्यतः या गावामुळे. डॉक्टर आज ज्याला ‘रिस्क फॅक्टर’ म्हणतात, ती कल्पना तिथल्याच संशोधकांनी १९६१ मध्ये रूढ केली.

डोंबिवलीत कुणी पत्रक वाचून फोन करतं, प्रतिनिधी घरी येतो, प्रपोजल फॉर्म उघडतो आणि विचारतो: तंबाखू खाता? सिगारेट ओढता? रक्तदाब आहे? वडिलांना हृदयविकार होता? या प्रश्नांची उत्तरं खरी द्या. ती देताना लक्षात असू द्या, की हे प्रश्न इतक्या नेमकेपणानं विचारता येतात, कारण एका परक्या गावातल्या हजारो माणसांनी स्वतःला वर्षानुवर्षं तपासू दिलं, आणि त्या गावाला तपासणीची सवय लावली होती ती एका विमा कंपनीनं. तुमची उत्तरंही आता त्याच मोजदादीत जमा होतील. तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाचा तरी हप्ता ती उद्या ठरवतील, आणि तुमच्या घराला दिलेलं वचन पाळण्याचं बळही लाखो अनोळखी माणसांच्या हप्त्यांतूनच येईल.